आवाजाला परवानगी कुणाची?

साशंक : गावागावात, वॉर्डावॉर्डात आवाजाचे नियम तिथल्या लोकांनीच करावेत, असा तुमचा आग्रह आहे. पण आपल्याकडे नियमांची वानवा कधी होती? केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियम २००० सालापासून लागू आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०, असं सगळं कोष्टकच त्यात दिलंय. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. दिवसा लावायचा तर लेखी परवानगी हवी. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावर सविस्तर निकाल दिला, २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिला, २०२५ च्या जानेवारीत पुन्हा दिला. इतकं सगळं असूनही विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावर काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पुण्याच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठातले (पूर्वीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले) विद्यार्थी वर्षानुवर्षं तिथे मोजमाप करतात आणि आकडे नव्वद-शंभरच्या घरात जातात. जिथे केंद्राचा नियम आणि न्यायालयाचा आदेश पुरा पडत नाही, तिथे ग्रामपंचायतीचा ठराव काय करणार?

आग्रही : नियम आहेत, हे मान्य. पण ते चालतात कशावर ते बघा. सगळी इमारत तक्रारीवर उभी आहे. रात्रीचे पावणेअकरा वाजलेत. घरात बायपास झालेले वडील आहेत. खाली टेम्पोवर स्पीकरची भिंत उभी आहे आणि बेसच्या प्रत्येक ठोक्याला मांडणीवरच्या वाट्या एकमेकींवर आपटतायत. मुलगा ११२ ला फोन लावतो. अर्ध्या तासाने दोन पोलीस येतात, कार्यकर्त्यांशी बोलतात, आवाज खाली येतो. पोलिसांची गाडी वळली, की पुन्हा बटण वर. आणि सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सगळ्यांना माहीत असतं, फोन कुणी केला ते. पुढच्या वर्षी तो मुलगा फोन करत नाही. वडिलांना घेऊन चार दिवस बहिणीकडे जातो. तिकडे पोलिसांच्या नोंदीत त्या भागातून तक्रार नाही, म्हणजे त्रास नाही, असा अर्थ निघतो. ज्याला झोप हवी त्यानेच उठून भांडायचं, आणि ज्याला आवाज करायचाय त्याला आधी कुणाला काही विचारावं लागत नाही. लेखी परवानगी असते, पण ती पोलीस ठाण्याच्या खिडकीतून मिळते. ज्यांच्या खिडक्या हादरणार आहेत, त्यांचा त्यात कुठेच संबंध येत नाही. हा क्रम मला उलटा करायचाय. आणि तो फक्त स्थानिक पातळीवरच उलटा होऊ शकतो, कारण कुणाची खिडकी कुठे आहे, हे तिथेच माहीत असतं.

साशंक : तक्रारदाराची अडचण न्यायालयाने ओळखलीय. जानेवारी २०२५ च्या निकालात पोलिसांना सांगितलंय, की तक्रार करणाऱ्याची ओळख न विचारता कारवाई करा. पहिल्यांदा समज, मग दंड, मग यंत्रणा जप्त, शेवटी परवाना रद्द, असा क्रमही घालून दिलाय. मग नव्या नियमाची गरज कशाला? तोच आदेश पाळायला लावा.

आग्रही : पाळायला लावायलाच हवा. पण तो आदेश आवाज सुरू झाल्यानंतरचा आहे. पहिल्यांदा समज म्हणजे पहिली रात्र गेली. दंड म्हणजे दुसरी रात्र गेली. लग्नाची वरात तर एकाच रात्रीची असते, तिथे दुसरी पायरी येतच नाही. मी म्हणतोय ते आधीचं आहे. महापालिका मंडपाला परवानगी देते, मंगल कार्यालयांना आणि लॉन्सना परवाने देते, बांधकाम सुरू करायचा दाखला देते, रस्ता खोदायची परवानगी देते. आवाज होण्याआधी कागद ज्याच्या टेबलावरून जातो, अशी ही सगळी ठिकाणं आहेत. त्या कागदावर अट घाला. मिक्सरला लिमिटर लावून तो सील झाल्याशिवाय साउंडवाल्याने गाडी मंडपापाशी आणायची नाही. स्पीकरची तोंडं श्रोत्यांकडे, आतल्या बाजूला. उंचावर एकच मोठा भोंगा बांधून अख्ख्या पेठेला ऐकवायचं नाही. जिथे माणसं बसलीत तिथे लहान लहान बॉक्स लावायचे. अंतर दुप्पट झालं की उघड्यावर आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. म्हणजे श्रोत्याजवळचा लहान स्पीकर त्याला नीट ऐकू येतो आणि पन्नास मीटरवरच्या घराला फारसा त्रास देत नाही. कीर्तन, व्याख्यान, आरती यांतल्या कशाचंच याने काही बिघडत नाही. २००० च्या नियमांतही स्पष्ट लिहिलंय, की स्थानिक संस्थांनी नगररचनेची कामं करताना ध्वनिप्रदूषणाचा विचार जीवनमानाचा एक निकष म्हणून करावा. म्हणजे मी नवं काही मागत नाही. पंचवीस वर्षं पडून राहिलेलं एक कलम जागं करा, एवढंच म्हणतोय.

साशंक : कागद ज्या टेबलावरून जातो, त्या टेबलामागे कोण बसतं तेही बघा. मंडपाच्या कमानीवर सर्वात मोठा फोटो कुणाचा असतो? वर्गणीची पहिली पावती कुणाच्या नावाची असते? वॉर्डातली मंडळं म्हणजे निवडणुकीतली फौज. नगरसेवक त्यांना लिमिटर लावायला सांगेल, यावर तुमचा खरंच विश्वास आहे? आणि नगरसेवक असला तर! २०२२ नंतर मुंबई-पुण्यासारख्या महापालिका कित्येक वर्षं प्रशासकांच्या हातात होत्या. वॉर्डाचं म्हणणं मांडायला निवडून दिलेला माणूसच नव्हता. क्षेत्रसभांची तरतूद राज्याच्या कायद्यात २००९ पासून आहे. तुमच्या भागात क्षेत्रसभा भरलेली तुम्ही पाहिलीत का? जी व्यवस्था कागदावरून उतरलेलीच नाही, तिच्या खांद्यावर तुम्ही सगळ्यात नाजूक प्रश्न टाकताय.

आग्रही : नाही, मी पाहिलेली नाही. पण क्षेत्रसभा भरत नाही म्हणून वॉर्डाने कायम पोलीस ठाण्याच्या दारात उभं राहायचं का? एखादी व्यवस्था वापरायला लोकांना कारण लागतं. पाणी, कचरा आणि आवाज, या तीन गोष्टींसाठी माणूस चप्पल घालून सभेला येतो.

साशंक : बरं, आला सभेला. तिथे तुम्ही नियम कुणासाठी करणार ते बघू. मला यात एक मोठा अन्याय दिसतो. रात्री दहानंतरच्या बंदीतून बंदिस्त जागा वगळल्या आहेत. सभागृहं, बँक्वेट हॉल यांना सवलत आहे. म्हणजे ज्याच्याकडे वातानुकूलित हॉलचं भाडं भरायला पैसे आहेत, त्याचं लग्न रात्री एकपर्यंत वाजतं. ज्याची खोली दहा बाय बाराची आहे, त्याच्या मुलीची हळद गल्लीतच होणार, आणि दहा वाजता पोलीस येणार. दुसरं, शहर स्वतः किती आवाज करतं? कुठल्याही वर्दळीच्या रस्त्यावर भरदुपारी उभे राहा, ५५ डेसिबल हा आकडा तुम्हाला दिसणारही नाही. मेट्रोचं काम घ्या. दक्षिण मुंबईत मेट्रो-३ च्या रात्रीच्या कामाला उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मनाई केली, ती उठवून घ्यायला यंत्रणा न्यायालयात झगडली आणि २०१८ मध्ये रात्रीच्या कामाला वाट मोकळी झाली. विकासाचा आवाज चालतो, गाडीच्या हॉर्नचा चालतो, जनरेटरचा चालतो. वर्षातून दहा दिवस गल्लीतली पोरं नाचली, की मात्र सगळ्यांना कायदा आठवतो. बंगल्यातल्या माणसाला शांतता हवी असते, कारण त्याच्याकडे बाकी सगळं असतं. गल्लीतल्या पोराकडे वर्षभर काहीच नसतं. ते दहा दिवस रस्ता त्याचा असतो, आणि तो आहे हे शहराला ऐकू येतं. तो आवाज काढून घेताना त्याच्या हातात तुम्ही दुसरं काय देणार?

आग्रही : हा प्रश्न मला टाळायचा नाही. रस्ता त्याचा असावा, हे मला मनापासून पटतं. पण स्पीकरच्या सर्वात जवळ कोण राहतं ते सांगा. बंगल्यातला माणूस काचेची खिडकी लावून घेतो, एसी सुरू करतो. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईला लावायला खिडकी नसते. तिची सकाळची पाळी सहाला असते. तिचा मुलगा दहावीला असतो. गल्लीतला आवाज गल्लीतल्या माणसालाच सर्वात जास्त लागतो, आणि तक्रार करायची हिंमत त्यालाच सर्वात कमी असते, कारण उद्या पाण्याच्या नळावर त्याच माणसांशी गाठ आहे. आणि स्पीकरच्या भिंतीपुढे चार तास नाचणाऱ्या पोराच्या कानाचं काय? ८५ डेसिबलमध्ये आठ तास ही कामगारांसाठी मानली जाणारी मर्यादा आहे. त्यावर दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. शंभर डेसिबलला ती पाव तासावर येते. पोरगा चार तास उभा असतो. त्याचा आनंद खरा आहे, पण त्याच्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. बंदिस्त हॉलबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. म्हणूनच वॉर्डाचा नियम हॉलच्या भिंतीबाहेर किती आवाज येतो त्यावर हवा. मेट्रोचं आणि रस्त्याच्या कामाचंही तेच. महापालिकेने पहिला नियम स्वतःच्या ठेकेदाराला लावावा. काँक्रीट फोडायचं यंत्र रात्री चालणार असेल, तर आठ दिवस आधी दारावर सूचना, कामाचे ठरलेले तास आणि यंत्राभोवती आडोसा. सरकार स्वतःला सूट घेतं, म्हणून बाकीच्यांनाही सूट द्या, असं म्हणून बेजार माणसाची सुटका होत नाही. त्याची बेजारी फक्त दुप्पट होते.

साशंक : तुम्ही सारखे डेसिबलवर येताय, तर तिथेही एक घोटाळा आहे. नियमातला आकडा ज्या पद्धतीने मोजतात, ती मुळात मध्यम आणि वरच्या पट्टीतल्या आवाजाला तोलणारी आहे. माणसाच्या कानाला मंद आवाजातले खालचे स्वर कमी ऐकू येतात, म्हणून मीटर ते वजा करतो. ६३ हर्ट्झच्या आसपासच्या ठोक्यातून तब्बल २६ डेसिबल वजा होतात. आणि डॉल्बीचा सगळा खेळ तर त्याच पट्टीत चालतो! छातीत बसतो तो ठोका, भिंतीतून आरपार जातो तो ठोका, वाट्या हलवतो तो ठोका. तुमच्या नियमाचा मीटर नेमक्या त्यालाच सर्वात कमी धरतो. वर तो आकडा सरासरीचा असतो. मधल्या शांततेत दणका विरघळून जातो. असा नियम करून उपयोग काय? साउंडवाला मीटर दाखवेल आणि म्हणेल, बघा, बसतंय नियमात.

आग्रही : म्हणजे नियम ढिला आहे, असंच तुम्ही सिद्ध केलंत. मीही आकड्यावर सगळं सोपवायला तयार नाही. दिल्लीत बसून नियम करणाऱ्याला आकडाच लिहावा लागतो, कारण त्याला सगळ्या देशासाठी एकच वाक्य लिहायचंय. वॉर्डाला वस्तूचं नाव लिहिता येतं. चालत्या वाहनावर बेसचे बॉक्स एकावर एक रचायचे नाहीत, इतकं साधं वाक्य. त्याला मीटर लागत नाही, तज्ज्ञ लागत नाही, हवालदाराला डोळ्यांनी दिसतं. कोल्हापूर-सांगली-साताऱ्याच्या भागात डॉल्बीमुक्त गणेशोत्सवाची मोहीम पोलिसांनी चालवली, ती लोकांना समजली ती याचमुळे. डॉल्बी आहे की नाही, हे कुणीही सांगू शकतं. २०१८ मध्ये ध्वनी व्यावसायिकांची संघटना उच्च न्यायालयात गेली, तेव्हा विसर्जनाच्या तोंडावर डीजे-डॉल्बीवरची बंदी उठवायला न्यायालयाने नकार दिला. मला त्या व्यावसायिकांबद्दल कळवळा आहे. कर्ज काढून पोरांनी सेट घेतलेत. पण नियम आधी कळला असता, तर त्यांनी बेसचे बॉक्स घेतलेच नसते, लहान सेट घेतले असते. ऐन सणाच्या तोंडावर बंदी घालणं हे वाईट शासन आहे. वर्षभर आधी गावाने ठरवलेला नियम धंदेवाल्यालाही सोयीचा असतो.

साशंक : आणि ढोल? त्याला ना बॉक्स, ना वायर. शंभर ढोलांचं पथक लक्ष्मी रस्त्यावर एकाच वेळी वाजायला लागलं, की तुमचं वस्तूचं नाव कामाला येत नाही. २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पथकात तीसच वादक असावेत असं बंधन घातलं, आणि सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. मला त्या स्थगितीचा आनंद झाला, हे लपवत नाही. त्या पथकांत मुलीही मुलांच्या बरोबरीने कमरेला ढोल बांधतात, दोन महिने नदीकाठी सराव करतात. कुठे थांबायचं हे कोण ठरवणार? ढोलाला परंपरा म्हणून सूट आणि डीजेला आधुनिक म्हणून बंदी, असं झालं तर तो आवाजाचा नियम राहत नाही, अभिरुचीचा होतो. आणि आपल्याकडे अभिरुचीवर जात असते, पेठ असते, शिक्षण असतं.

आग्रही : हा तुमचा मुद्दा माझ्या मुद्द्यापेक्षा वजनदार आहे. अभिरुचीला नियमाचा वेश चढवायचा नाही, हे मला मान्य. कान ढोल आणि डीजे असा भेद करत नाही. सरावाच्या त्या दोन महिन्यांत नदीकाठच्या घरांना रोज संध्याकाळी काय सोसावं लागतं, तेही मोजलं पाहिजे. म्हणून ढोलालाही तास हवेत, दोन पथकांमध्ये अंतर हवं, दवाखान्यासमोर वादन थांबवायची जागा ठरलेली हवी. पण तीस की पन्नास, हा आकडा लवादाने ठरवावा की त्या रस्त्यावर राहणाऱ्यांनी, यावर माझं मत ठाम आहे. पथकातली मुलगी आणि त्या रस्त्यावरची आजी एका सभेत समोरासमोर बसल्या, तर त्या तिसऱ्या कुणापेक्षाही बरा आकडा काढतील.

साशंक : तुम्ही फार गोड सभा डोळ्यांसमोर आणताय. मी दुसरी सभा आणतो. २०२२ च्या उन्हाळ्यात भोंग्यांवरून महाराष्ट्रात काय वातावरण झालं होतं ते आठवा. त्या दिवसांत डेसिबल हा शब्द ज्यांच्या तोंडी होता, त्यांतल्या कितीजणांना आवाजाची चिंता होती? आपला आवाज भक्ती आणि दुसऱ्याचा आवाज प्रदूषण, ही आपली जुनी खोड आहे. लाऊडस्पीकर कुठल्याच धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, हे न्यायालयांनी सांगितलंय आणि ते सगळ्यांना सारखं लागू आहे. ते सारखेपण टिकतं, कारण न्यायालय गावाबाहेर आहे. तुम्ही तोच निर्णय गावात आणलात, तर तो बहुमताचा होईल.

आग्रही : बहुमताचा धोका आहे. पण गावाने मोठा निर्णय शहाणपणाने घेतल्याची उदाहरणंही आपल्याकडेच आहेत. दारूचं दुकान बंद करायला आपल्या राज्यात बायकांनी आडवी बाटली केली. ठरावीक संख्येने सह्या, मग गुप्त मतदान, आणि निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. यात मला गुप्त मतदान सर्वात मोलाचं वाटतं. नवरा दुकानात बसलेला असताना जाहीर तक्रार कोण करणार? पेटीत चिठ्ठी टाकता येते. आवाजालाही अशीच पेटी हवी. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद होतात, मुलं अभ्यासाला बसतात. तो नियम दिल्लीचा नाही, न्यायालयाचा नाही. गावाने केला आणि गाव पाळतं.

साशंक : वडगाव चांगलंच आहे. पण तिथे गावाने स्वतःच्या घरातली वस्तू बंद केली. शेजाऱ्याची बंद करायची वेळ आली, की कसोटी लागते. आणि पेटीचं म्हणाल, तर तुम्ही नकळत एक भयंकर गोष्ट बोललात. वॉर्डात दोन हजार मतदार आहेत. पंधराशे जणांनी उभ्या बाटलीवर, म्हणजे आवाजाच्या बाजूने मत दिलं. उरलेल्यांत एक बाई आहे, जिच्या घरात दहा दिवसांचं बाळ आहे. मग काय? तिने हरलेलं मत म्हणून दणदणाट सोसायचा? आज निदान ती म्हणू शकते, की शांतपणे जगणं हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, सर्वोच्च न्यायालयानेच तसं म्हटलंय, आणि मी एकटी असले तरी तो माझा आहे. तुम्ही तिचा हक्क मोजणीला लावलात. झोप ही बहुमताने द्यायची गोष्ट नाही.

आग्रही : मग मी माझं म्हणणं दुरुस्त करून मांडतो. केंद्राचा नियम म्हणजे तळ. त्याच्या खाली कुठल्याही सभेला जाता येणार नाही. रात्री दहाचे बारा करायचे, तर ती मुभाही वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस आहे. ते दिवस आधी जाहीर व्हायला हवेत, आणि त्या दिवशी सूट फक्त वेळेला असते. आवाज किती असावा याला सूट नसते, हे तर मंडळांना कुणी सांगतच नाही. वॉर्डाला अधिकार द्यायचा तो फक्त अधिक कडक व्हायचा. दहाऐवजी नऊ. परीक्षेच्या महिन्यात शाळेजवळ काहीच नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्याने जाहीर केल्याखेरीज दवाखान्याचा परिसरही शांतता क्षेत्र ठरत नाही, तर वॉर्डाने तो स्वतःच्या ठरावाने शांत ठेवावा. बाळाच्या आईचा हक्क तळाशी सुरक्षित. त्यावर गावाने जे काही वाढवायचं ते वाढवावं. मग बहुमताचं भय कुठे उरतं?

साशंक : तिथेच उरतं. कडक व्हायचा अधिकार निरुपद्रवी आहे, असं तुम्ही धरून चाललात. गावात एक वस्ती आहे, वेशीबाहेरची. वर्षातून एकदा जयंतीची मिरवणूक मुख्य रस्त्याने न्यायची, यासाठी तिथल्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या भांडून वाट काढलेली असते. आता गावाची सभा भरते. मोठ्या समाजाचं बहुमत असतं. ठराव होतो, की एप्रिल महिन्यात परीक्षा असल्यामुळे मुख्य रस्त्यावर वाद्यं नकोत. ठराव शब्दाने स्वच्छ आहे, सगळ्यांना लागू आहे. फक्त एप्रिलमध्ये मिरवणूक एकाच वस्तीची असते. तुमचा कडक नियम नेमका कुणाचा आवाज बंद करतो? एकेका समाजासाठी मोठ्याने दिसणं आणि ऐकू येणं हीच माणूस म्हणून उभं राहण्याची पहिली पायरी होती. शांततेच्या नावाखाली त्याला पुन्हा घरात बसवणं सोपं आहे. तक्रार करायला भिणारा बायपासचा पेशंट मला दिसतो. पण गावाने ठरवलं म्हणून गप्प बसवलेली वस्तीही मला दिसते. आणि तुमच्या नियमात या दोघांमधला फरक सांगणारं एकही कलम नाही.

आग्रही : असा ठराव मला चालणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. त्याला आळा घालायला मी दोन अटी घालीन. पहिली, नियम महिन्याचा किंवा रस्त्याचा करायचा नाही. तास, यंत्र आणि अंतर यांचाच करायचा, म्हणजे तो गणपतीला, उरुसाला, जयंतीला, लग्नाला आणि नेत्याच्या वाढदिवसाला एकसारखा लागेल. दुसरी, गावाने उशिरापर्यंत वाजवायला मागितलेले दिवस समाजासमाजांत सारखे वाटायचे. ज्याची लोकसंख्या जास्त त्याला दिवस जास्त, असं करायचं नाही. आणि नियम लागू होईल तो पहिल्यांदा सरपंचाच्या किंवा नगरसेवकाच्या मंडळाला. ते मंडळ जिथे सुटलं, तिथे तो नियम कुणालाच बांधणार नाही.

साशंक : अटी चांगल्या आहेत. पण त्या मोडल्या गेल्या, तर दाद कुठे मागायची? तहसीलदाराकडे? पोलीस अधीक्षकाकडे? उच्च न्यायालयात? म्हणजे आपण पुन्हा गावाबाहेर आलो. ज्या यंत्रणेला लांब आहे म्हणून तुम्ही सोडून आलात, तिच्याकडेच वळलो. माझी अडचण शेवटी एवढ्यावर येऊन थांबते. जो जवळ आहे त्याला आवाज ऐकू येतो, पण तो मतांनी, वर्गणीने आणि नात्यांनी बांधलेला असतो. जो मोकळा आहे तो इतका लांब असतो, की त्याच्यापर्यंत फक्त कागद पोहोचतो, तोही सण उलटून गेल्यावर. तुम्ही बांधलेल्याला अधिकार द्यायला निघालात. मी लांबच्यावर विसंबून राहतो. दोघांचाही रुग्ण आज रात्री जागाच आहे.

आग्रही : फरक एवढाच, की लांबच्याला आपण पंचवीस वर्षं दिली. त्याने आपल्याला उत्तम निकाल दिले आणि रात्री तशाच ठेवल्या. जवळच्याला अजून एकदाही खऱ्या अर्थाने जबाबदार धरलेलं नाही. ठराव त्याच्या सहीने झाला, तर निदान तो मोडल्याचा जाब त्याच्या दारात जाऊन विचारता येईल. आज तो हात वर करतो आणि पोलिसांकडे बोट दाखवतो. बांधलेला माणूस लोकांना घाबरतोही. फक्त आजवर तो आवाज करणाऱ्यांना घाबरत आलाय, कारण संघटित तेच आहेत. शांतता हवी असणारे संघटित होत नाहीत, एकेकटे दारं लावून बसतात. स्थानिक नियम करायला बसलं, की पहिल्यांदा त्यांना एकमेकांची तोंडं दिसतील. मला नियमाइतकंच ते हवंय.

साशंक : ते संघटित होतील तेव्हा ते कोण असतील, यावर माझं लक्ष राहील. पत्र्याच्या खोलीतली सकाळच्या पाळीची बाई त्या सभेत पहिल्या रांगेत बसलेली दिसली, तर मी तुमच्या ठरावाला हात वर करीन. तिच्या नावाने दुसरंच कुणी बोलत असेल, आणि वेशीबाहेरच्या वस्तीला निरोपच गेला नसेल, तर तुमच्या सभेविरुद्ध मी त्याच लांबच्या न्यायालयाचं दार ठोठावीन. तोवर एका गोष्टीवर मात्र आपण आजच सही करू शकतो. परवानगीचा अर्ज पोलिसांकडे किंवा महापालिकेत जाण्याआधी शेजारच्या दारांवर लागला पाहिजे. कुठला स्पीकर, किती वाजेपर्यंत, कुठल्या दिशेला, जबाबदार कोण, फोन कुणाला करायचा. याला ना सभा लागते, ना बहुमत.

आग्रही : सही करतो. पण तो कागद वाचून एखाद्याने नको म्हटलं, तर त्याच्या नकाराला किती वजन द्यायचं, हे ठरवायला तुम्हाला माझ्या सभेतच यावं लागेल.

साशंक : येईन. आणि तिथे पहिला प्रश्न हाच विचारीन.